पूडल: स्वभाव, आजार आणि आयुर्मान – घरी आणण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

“डॉक्टर, पूडलचे केस गळत नाहीत म्हणे. मग आमच्या मुलाला दम्याचा त्रास होणार नाही ना?”

प्राण्यांच्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर येतो. बहुतेक वेळा तो उशिरा येतो, म्हणजे पिल्लू घरी आणल्यावर. तोपर्यंत त्याचे नाव ठेवलेले असते आणि मुलाला त्याचा लळा लागलेला असतो. मग खोकला सुरू झाला की कुटुंबापुढे मुलाचा श्वास सांभाळायचा की पिल्लू, असा पेच उभा राहतो. हा पेच बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी पूडल कसा असतो, त्याला कोणते आजार होतात, तो किती जगतो आणि घरात एखादा रुग्ण असेल तर काय पाहावे, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

पूडल म्हणजे नेमका कोणता कुत्रा?

कुरळ्या केसांचा, डौलदार चालीचा हा कुत्रा पाहून अनेकांना तो केवळ शोभेचा वाटतो. प्रत्यक्षात तो पाण्यातला शिकारी कुत्रा आहे. गोळी लागून तळ्यात पडलेले बदक पोहत जाऊन आणणे हे त्याचे मूळ काम. ‘पूडल’ हे नाव पाण्यात डुंबण्याच्या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले, तर फ्रेंचमधले त्याचे ‘कानिश’ हे नाव बदकाशी जोडलेले आहे. आज आंतरराष्ट्रीय नोंदीत ही फ्रेंच जात मानली जाते. सांध्यांवर आणि छातीवर केस ठेवून बाकीचे कापण्याची त्याची प्रसिद्ध ‘स्टाइल’ही गार पाण्यात पोहण्याच्या सोयीतून आली.

आकारानुसार त्याचे चार प्रकार मानतात. ही उंची जमिनीपासून खांद्यापर्यंत मोजतात:

- स्टँडर्ड: 45 ते 60 सेंमी, वजन साधारण 20 ते 30 किलो
- मीडियम: 35 ते 45 सेंमी
- मिनिएचर: 28 ते 35 सेंमी, वजन साधारण 5 ते 7 किलो
- टॉय: 24 ते 28 सेंमी; वजन साधारण 2 ते 4 किलो

अमेरिकेत मीडियम हा वेगळा प्रकार धरत नाहीत. ‘टीकप पूडल’ हा मात्र कुठेच मान्य असलेला प्रकार नाही, ते विक्रीसाठी वापरलेले नाव आहे. इतक्या लहान पिल्लांत रक्तातील साखर अचानक कमी होणे, हाडे सहज मोडणे असे धोके जास्त असतात. जितके लहान तितके महाग, असा हिशेब कोणी सांगत असेल तर तिथे थांबा.

स्वभाव: हुशार, पण एकटा न राहणारा

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी 1994 मध्ये कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिले. त्यातल्या आज्ञा शिकण्याच्या क्रमवारीत बॉर्डर कॉली पहिला आणि पूडल दुसरा आहे. अनुभवही तसाच येतो. शी-शूची जागा, ‘बस’, ‘थांब’ या गोष्टी तो लवकर शिकतो.

पण या हुशारीला दुसरी बाजूही आहे. चांगल्या सवयी तो जितक्या लवकर उचलतो, तितक्याच लवकर वाईटही उचलतो. भुंकल्यावर बिस्कीट मिळते हे त्याला दोन दिवसांत कळते. रोज फिरणे, खेळणे आणि डोक्याला थोडे काम मिळाले नाही तर तो सोफा कुरतडतो किंवा सतत भुंकतो. टॉय आणि मिनिएचर पूडल दारावरच्या प्रत्येक बेलला भुंकतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर याचा आधीच विचार करा.

पूडल माणसांत राहणारा आणि हळवा असतो. घरातले भांडण, आरडाओरडा याने तो बिथरतो. दिवसभर घराला कुलूप असेल तर अनेक पूडलना एकटेपणाची भीती बसते. मग मालक निघताच रडणे, लाळ गाळणे, दार ओरबाडणे सुरू होते. हा हट्ट नसून त्रास आहे, त्यामुळे मारल्याने तो वाढतो. पिल्लू असल्यापासून पाच-दहा मिनिटे एकटे ठेवण्याची सवय लावत हळूहळू वेळ वाढवणे, हा त्यावरचा उपाय.

मुलांशी पूडलचे साधारण छान जमते. तरीही टॉय पूडल आणि पाच वर्षांखालचे मूल यांना एकत्र सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. उचलताना हातातून निसटले तर पिल्लाचा पाय मोडतो आणि दुखावलेले पिल्लू चावू शकते.

केस गळत नाहीत, म्हणजे काय?

पूडलचे केस गळतच नाहीत असे नाही. गळालेला केस कुरळ्या केसांतच अडकून राहतो, त्यामुळे तो फरशीवर दिसत नाही. मात्र विंचरला नाही तर त्या अडकलेल्या केसांचा गुंता होतो आणि त्याच्या जटा बनतात. जटांखाली ओल साचते, कातडी लाल होते, खाज सुटते आणि जखमा होतात. पावसाळ्यात हे फार लवकर घडते.

म्हणून रोज किंवा निदान एक दिवसाआड, अगदी मुळापर्यंत कंगवा पोहोचेल असे विंचरणे आणि दर 4 ते 6 आठवड्यांनी केस कापणे हे पूडलच्या बाबतीत आरोग्याचे काम आहे. त्याचा वेळ आणि खर्च महिन्याच्या हिशेबात धरा. उन्हाळा आहे म्हणून कातडी दिसेपर्यंत केस काढू नका, उन्हाने कातडी भाजते. केस आखूड ठेवा आणि फिरायला पहाटे किंवा सूर्यास्तानंतर न्या.

घरात अ‍ॅलर्जी किंवा दम्याचा रुग्ण असेल तर

इथे सर्वात मोठा गैरसमज आहे. कुत्र्याची अ‍ॅलर्जी मुळात केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत, लघवीत आणि कातडीच्या सूक्ष्म कोंड्यात काही प्रथिने असतात, त्यांची ती अ‍ॅलर्जी असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते आणि ही प्रथिने धुळीबरोबर हवेत, पडद्यांवर, गादीवर जातात. पूडललाही लाळ आणि कातडी असतेच.

नेदरलँड्समधील संशोधकांनी 2012 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या केसांतील, तसेच घरांतील मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिनाचे प्रमाण त्यांनी मोजले. या खास जातींच्या केसांत ते प्रथिन कमी नव्हते, उलट जास्त आढळले आणि त्या जातींत पूडलही होता. घरातल्या हवेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

लॅब्राडूडल या संकराची कथाही बोलकी आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॅली कॉनरॉन काम करत होते. हवाईतील एका अंध महिलेला वाटाड्या कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्याची अ‍ॅलर्जी होती. कॉनरॉन यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा एकाच पिल्लाच्या नमुन्याने त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. आईबाप तेच, वेत तेच, तरी तिघांत फरक. म्हणजे अ‍ॅलर्जी होईल की नाही हे जातीच्या नावावरून सांगता येत नाही. तो कुत्रा आणि ते माणूस यांच्यावर ते अवलंबून असते.

मग काय करावे?

- पिल्लाचे पैसे देण्याआधी रुग्णाला छातीरोग किंवा अ‍ॅलर्जी तज्ज्ञांकडे न्या. कातडीवरील चाचणीने किंवा रक्ततपासणीने कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे का ते कळू शकते.
- दमा आटोक्यात नसेल, रात्री खोकला येत असेल, पंप वारंवार लागत असेल, तर कुत्रा आणण्याचा निर्णय पुढे ढकला.
- जो कुत्रा आणायचा आहे त्याच्याच सहवासात, बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी काही तास घालवून पाहा. एका भेटीत त्रास झाला नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असे मात्र नाही. अ‍ॅलर्जी काही महिन्यांनीही उद्भवते.
- कुत्रा आधीच घरी असेल तर त्याला झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नका. हात लावल्यावर हात धुवा, ओल्या फडक्याने फरशी पुसा, चादरी गरम पाण्यात धुवा. केस विंचरण्याचे काम रुग्णाकडे देऊ नका. आंघोळीने प्रथिनांचे प्रमाण घटते, पण काही दिवसांत ते पूर्ववत होते.
- कुत्रा दुसरीकडे दिला तरी घरातील प्रथिने आठवडे, कधी महिनेही टिकतात. लगेच फरक पडला नाही म्हणून औषधे स्वतःहून बंद करू नका.

इतर रुग्णांच्या घरी

केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीने आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. कुत्र्याची विष्ठा उचलणे, त्याला तोंड किंवा जखम चाटू देणे टाळावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नखांचे साधे ओरखडेही जास्त वाहतात. ज्येष्ठांच्या बाबतीत टॉय पूडल पायात येऊन पडण्याचा धोका असतो. त्याच्या गळ्यात छोटा घुंगरू बांधला तर तो कुठे आहे ते कळते.

गरोदर स्त्रीच्या घरी कुत्रा असला तर काढून टाका, असा सल्ला अजूनही दिला जातो. टॉक्सोप्लाझ्मा या ज्या जंतूची भीती घातली जाते, तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो, कुत्र्याच्या नाही. लसी आणि जंताची औषधे वेळेवर दिलेला कुत्रा त्यासाठी घराबाहेर काढायची गरज नसते.

पूडलमध्ये दिसणारे आजार

पूडल एकंदरीत काटक आहे. खालील सर्व आजार प्रत्येकाला होतात असे नाही, पण आकारानुसार कशावर लक्ष ठेवायचे ते माहीत असावे.

*सर्वच पूडलमध्ये*

कान लोंबते आणि आतून केसाळ असल्यामुळे हवा खेळत नाही. डोके झटकणे, कान खाजवणे, कानाला वास येणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. कानात काडी घालू नका आणि माणसांचे थेंब टाकू नका.

डोळ्यांच्या पडद्याची हळूहळू झीज होणारा एक आनुवंशिक आजार पूडलमध्ये, विशेषतः मिनिएचर आणि टॉयमध्ये आढळतो. सुरुवात रातांधळेपणाने होते. संध्याकाळी कुत्रा जिना उतरायला कचरतो, अंधारात वस्तूंना धडकतो. त्यावर इलाज नाही, पण जनुकीय चाचणी आहे. म्हणून पिल्लाच्या आईबापांची ही चाचणी झाली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. याच जनुकातील तोच दोष काही माणसांमध्येही अशाच आजाराला कारण ठरल्याचे आढळले आहे. मोतीबिंदू आणि फिट येणे हेही पूडलमध्ये दिसते.

*टॉय आणि मिनिएचर पूडलमध्ये*

- गुडघ्याची वाटी सरकणे: चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालतो. वजन आटोक्यात ठेवा. त्रास जास्त असेल तर शस्त्रक्रिया लागते.
- दात: लहान जबड्यात दातांची दाटी होते, किटण साचते, हिरड्या सुजतात. कुत्र्यांच्या पेस्टने रोज दात घासा. माणसांची टूथपेस्ट वापरू नका.
- श्वासनळी चेपणे: हंसाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येतो. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा.
- हृदयाची झडप: उतारवयात ती गळू लागते. कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- मधुमेह आणि कुशिंग: पाणी खूप पिणे, लघवी वाढणे, पोट सुटणे ही लक्षणे म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. कुत्र्यालाही इन्सुलिन देता येते आणि मधुमेही कुत्रे वर्षानुवर्षे चांगले जगतात.

*स्टँडर्ड पूडलमध्ये*

- अ‍ॅडिसनचा आजार: मूत्रपिंडावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरेसे हार्मोन तयार करत नाहीत. कधी उलटी, कधी जुलाब, कधी मलूलपणा, मग चार दिवस ठणठणीत, असे चक्र चालते. ‘पोट बिघडले’ म्हणून महिने निघून जातात आणि एक दिवस कुत्रा कोसळतो. रक्तातील सोडियम-पोटॅशियम आणि हार्मोनची विशेष चाचणी यांतून निदान होते. उपचार जन्मभर चालतात, पण ते नीट दिले तर कुत्रा नेहमीचे आयुष्य जगतो.
- तेलग्रंथींचा दाह: केस विरळ होतात, खपल्या धरतात. कातडीचा तुकडा तपासून निदान होते. हा आजार आणि अ‍ॅडिसन, दोन्ही या जातीत जास्त असण्यामागे मोजक्याच कुत्र्यांपासून पैदास झाल्याचे कारण संशोधकांनी दाखवले आहे.
- खुब्याच्या सांध्याचा दोष: उठताना त्रास, मागचे पाय जोडून सशासारखे पळणे.
- जठर फुगून पीळ पडणे: ही सर्वात मोठी आणीबाणी. मोठा कुत्रा, खोल छाती, एकदाच भरपूर आणि घाईने खाणे यांतून धोका वाढतो. जेवण दोन-तीन वेळा विभागून द्या आणि जेवणानंतर लगेच पळवू नका. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाकून घेण्याची शस्त्रक्रिया करता येते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

लगेच दवाखाना गाठा

- पोट फुगले आहे, ओकारी येते पण काहीच पडत नाही, कुत्रा बेचैन आहे
- फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा एका दिवसात पुन्हा आली
- श्वास घ्यायला त्रास, जीभ किंवा हिरड्या निळसर अथवा पांढऱ्या
- टॉय पिल्लू अचानक लुळे पडले, थरथरते आहे. तोंडात थोडे मध किंवा साखरेचे पाणी हिरड्यांना चोळत दवाखान्यात न्या
- चॉकलेट, मनुका-द्राक्षे, कांदा-लसूण, साखरविरहित च्युइंगगम किंवा माणसांची वेदनाशामक गोळी पोटात गेली

तापावर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घरच्या डब्यातून देऊ नका. माणसाची एक गोळी लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

पूडल किती वर्षे जगतो?

स्टँडर्ड पूडल साधारण 12 वर्षांच्या आसपास जगतो. मिनिएचर आणि टॉय अनेकदा 14-15 वर्षे गाठतात, काही त्याहूनही पुढे जातात. कुत्र्यांत सहसा लहान आकाराचे आयुष्य मोठे असते.

हा आकडा स्वतःच्या घरात मांडून पाहा. आज आठ वर्षांची मुलगी पिल्लू मागते आहे. ते म्हातारे होईल तेव्हा ती बावीस वर्षांची असेल, कदाचित दुसऱ्या शहरात शिकत असेल. आई-बाबांना सोबत म्हणून पिल्लू द्यायचे आहे आणि ते आज सत्तर वर्षांचे आहेत. मग पिल्लाच्या चौदाव्या वर्षी ते चौऱ्याऐंशीचे असतील. तेव्हा त्याला फिरवणार कोण, इन्सुलिन देणार कोण, त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले तर कुत्रा कोणाकडे राहणार? या प्रश्नांची उत्तरे घरातील एका व्यक्तीच्या नावासह ठरलेली असावीत. ज्येष्ठांसाठी पिल्लापेक्षा पाच-सहा वर्षांचा, शिकवलेला, शांत कुत्रा अनेकदा जास्त योग्य ठरतो.

आयुष्य वाढवणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. वजन आटोक्यात ठेवा. हाताने चाचपल्यावर बरगड्या लागायला हव्यात. रोज व्यायाम, दातांची निगा, वर्षातून एकदा आणि आठ वर्षांनंतर दोनदा तपासणी. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचिडांवरील औषध विसरू नका. कुरळ्या केसांत गोचीड लपून राहते आणि तिच्यापासून होणारा ताप जीवघेणा ठरू शकतो.

घरचा, लस दिलेला कुत्रा चावला तरी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद, मिरची, चुना काहीही लावू नका.

पिल्लू घेताना

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला भारतात 2017 च्या नियमांनुसार मनाई आहे आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवायला सांगा. आईबापांच्या डोळ्यांच्या, गुडघ्यांच्या किंवा खुब्याच्या तपासणीचे कागद मागा. ‘आईला दाखवता येणार नाही’, ‘अ‍ॅलर्जीची शंभर टक्के गॅरंटी’ असे उत्तर मिळाले तर परत फिरा. महापालिकेचा परवानाही काढून घ्या.

पूडल प्रेमळ, हुशार आणि दीर्घायुषी सोबती आहे. घरात दम्याचा किंवा दुसरा कोणताही रुग्ण असेल तर क्रम एवढाच लक्षात ठेवा: आधी रुग्णाच्या डॉक्टरांचा सल्ला, मग त्याच कुत्र्याचा सहवास आणि त्यानंतर निर्णय. मुलाची समजूत पिल्लू येण्याआधी घालणे सोपे असते. ते आल्यावर परत पाठवणे मुलाला आणि पिल्लालाही जड जाते.